उन्हाळी संशोधनाचा अर्ज: टिपणात काय लिहाल?

मालवणात बीएस्सी करताय आणि संशोधन जवळून बघायचंय? मग बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप बघा. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, तेही विद्यावेतनासह. पण उन्हाळ्याची वाट बघत बसू नका. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपासच भरावा लागतो. शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं, ते आधीच मागून ठेवा.

टिपणात 'मला समुद्राची आवड आहे' असं कोणीही लिहील. तुम्ही प्रश्न लिहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथल्या प्रवाळांपैकी ओहोटीला उघडे पडणारे आणि कायम पाण्याखाली राहणारे, यांत काय फरक दिसतो? उत्तर माहीत नसलं तरी चालेल. ते शोधायला काय मोजाल, हे सांगता आलं पाहिजे. कॉलेजात मोठी उपकरणं नाहीत म्हणून अडू नका. सुरुवातीला वही, पट्टी आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुरतं.