सुतासाठी धुतलेली हवा

इमारतीतली हवा एका जागी ओढायची, गाळायची, धुवायची आणि पुन्हा सगळीकडे सोडायची, ही कल्पना कापडगिरण्यांना नवी नाही. हे काम 'ह्युमिडिफिकेशन प्लांट' करतो. खात्यातली हवा जमिनीखालच्या बोगद्यांतून खेचली जाते, जाळीवर रुई अडकते, मग पाण्याच्या फवाऱ्यातून गेलेली ओलसर हवा छताजवळच्या नळांतून परत येते. हा सगळा खटाटोप सुतासाठी असतो. कोरड्या हवेत धागा तुटतो. माग नीट चालायचा तर आर्द्रता 70-80 टक्क्यांच्या आसपास लागते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ती कुठून मिळणार? कामगाराच्या छातीला झाला तो वरकड फायदा.

सोलापुरातल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. माग राहिले ते यंत्रमागांच्या शेडमध्ये. पूर्व भागात कित्येकांचं घर आणि शेड एका भिंतीचे शेजारी. तिथे फवारे नाहीत की बोगदे नाहीत. पाळी संपताना कॉम्प्रेसरच्या नळीनं माग फुंकून काढला की शेड पांढरी होते. भुवयांवर, पंख्याच्या पात्यांवर बसते ती रुई दिसते म्हणून भीती वाटते. पण ती जड असते, नाकातच अडते. तिच्यासोबत उठलेली बारीक धूळ तासन्तास तरंगते आणि फुप्फुसात खोलवर जाते. कापसात बोंडाच्या पाल्याचा चुरा असतो, त्यावर जिवाणू, आणि त्या जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन श्वासनलिका आवळतं. या आजाराचं नाव बिसिनोसिस. सुरुवातीला त्रास होतो तो सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी, पुढे रोजच. अमेरिकेनं 1978 साली सुती धुळीची मर्यादा ठरवली: सूतकताईत घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम, विणकामात 750. मागापर्यंत येता येता सुतातला बराच चुरा पिंजण-कताईत गळून गेलेला असतो, म्हणून ही ढील. ढील म्हणजे माफी नव्हे.

मग अशा घराला 'होल हाउस एअर क्लीनर' लावला तर? ही यंत्रणा वातानुकूलनाच्या नळांत बसते. ज्या घरात सगळ्या खोल्यांना नळ गेलेले आहेत, तिथे एकाच ठिकाणी चांगला फिल्टर लावला की काम होतं. आपल्याकडे असली तर स्प्लिट एसी असते. ती बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच फिरवते, आणि तिची जाळी केस-रुई पकडण्यापुरतीच.

राहिला सुटा प्युरिफायर. त्यातला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, ही गोष्ट खरी. पण तो अडवतो त्याच्यातून गेलेल्या हवेतले. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण 34 घनमीटर. यंत्रानं तासाला पाच वेळा ती हवा गाळली आणि खिडक्या घट्ट बंद असल्यामुळे बाहेरून अर्धीच खोलीभर हवा आली, तर बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्साही आत उरत नाही. खिडक्या उघडून तासाला दहा खोल्यांइतकी हवा येऊ दिली, तर दोन तृतीयांश धूळ तशीच राहते. मे महिन्यात एसीशिवाय खिडक्या लावून बसणारा सोलापूरकर मला तरी अजून भेटायचा आहे!

आपल्या घरात बसतो तो कूलर. तोही खिडकी-दार उघडं असेल तरच गार करतो. गंमत अशी की त्याची ओली गवताची जाळी हा गिरणीतल्या फवाऱ्याचाच गरीब भाऊ. जाड धूळ पकडते, बारीक सोडून देते. पाणी आणि गवत वेळेवर बदललं नाही, तर तिथेच बुरशी धरते.

त्यामुळे ज्यांच्या घराला शेड लागून आहे, त्यांनी पैसे खर्च करायचे तर आधी धूळ उठते तिथे करावेत. कॉम्प्रेसरनं फुंकण्याऐवजी व्हॅक्यूमनं ओढून घेतलं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसलं, शेड आणि घर यांमधलं दार फटीसकट बंद केलं, तर धूळ घरात येण्याआधीच कमी होते. एक्झॉस्ट पंखा बसवतानाही तो घराकडच्या भिंतीत नको, पलीकडच्या भिंतीत हवा, म्हणजे हवा घराकडून शेडमार्गे बाहेर जाते. घरी विड्या वळणाऱ्या बायकांची गोष्टही हीच. तंबाखूचं सूप स्वयंपाकघरात आणि पोराच्या झोपेच्या जागेत नसलं, तर तिथे प्युरिफायरला करण्यासारखं फार थोडं उरतं.