वडिलार्जित मथळा

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. माझ्या पीएचपी प्रोग्रामात मात्र तो निघता निघेना. ‘अकोला’ या क्लासमध्ये ‘नाव’ आणि ‘शीर्षक’ अशा दोन स्टॅटिक मेथड होत्या; स्टॅटिक म्हणजे कुठल्या एका वस्तूची नव्हे, खुद्द क्लासची. ‘शीर्षक’ ही ‘नाव’ला विचारून मथळा छापत असे. ‘वाशीम’ हा वारस क्लास केला, त्यात ‘नाव’ नव्याने लिहिले, ‘शीर्षक’ वडिलार्जित ठेवले. तर वाशीमच्या कास्तकारांच्या यादीवर मथळा ‘अकोला’!

कारण असे की ‘सेल्फ’ हा शब्द ज्या क्लासात लिहिला त्यालाच बांधलेला असतो. हाक कोणाच्या नावाने आली हे तो पाहत नाही. २००९च्या ५.३ आवृत्तीपासून तिथे ‘स्टॅटिक’ लिहिता येते, मग वारस ओळखला जातो. जावात ती सोय नाही : वारसाची स्टॅटिक मेथड वडिलांची फक्त झाकते, आणि कोणती चालायची हे कंपाइल होतानाच ठरते.

खरे तर वाशीमला अकोल्याचा वारस करणेच चुकले. वत्सगुल्म म्हणून वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे गाव! आता दोघेही ‘जिल्हा’ या क्लासखाली भावंडे आहेत. ‘सेल्फ’ मात्र तिथेही बदलावाच लागला.