देखाव्यामागचे हात – भाग 6 : नवं कापड जुनं करताना

मागच्या आठवड्यात आपण कागदाच्या लगद्याचा पडका वाडा उभा केला. आता त्यातल्या माणसांचे कपडे. सजीव देखाव्यात बहुतेकदा इथंच बिनसतं. दुष्काळातला शेतकरी उभा असतो आणि धोतर मात्र आत्ताच घडी मोडलेलं!

कोल्हापूरला हे खटकायलाच हवं. 1925 साली बाबूराव पेंटर यांनी इथल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर शहरात मजुरीला जाणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. आवाज नसलेल्या पडद्यावर माणसाची परिस्थिती त्याच्या अंगावरच्या कापडालाही सांगावी लागते.

कापड सुतीच घ्या. पॉलिस्टर या रंगांना दाद देत नाही. इचलकरंजीचा मांजरपाट उत्तम, पण त्याला खळ असते. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो.

रंगाआधी झीज. कापड सगळीकडे सारखं विटत नाही. नांगर धरणाऱ्याची बंडी खांद्यावर उन्हानं उडते, कोपरावर विरते. धोतराचा काठ खालून फाटतो. तेवढ्याच जागी काचपेपर किंवा तारेचा ब्रश फिरवा. कात्रीनं भोकं पाडू नका, कापलेली कड लांबूनही ओळखू येते. घासून विरलेले धागे पुढं रंगही जास्त पितात, म्हणून हा क्रम.

पिवळट जुनेपणासाठी चहाचं कडक पाणी पुरतं. पण कळकट करडा रंग हवा असेल, तर आपल्याकडं त्याहून चांगली जोडी आहे : हिरडा आणि गूळ. पाच लिटर पाण्यात पाव किलो गूळ आणि किलोभर गंजकं लोखंड घालून, तोंडाला फडकं बांधून दहा-पंधरा दिवस आंबवा. छापील कापडातला काळा रंग आपल्या देशात शतकानुशतकं असाच होत आला. कापड आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवा आणि मग हे पाणी पातळ करून फिरवा. कोल्हापुरी चपलेचं चामडं पक्कं करणारं हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळतं आणि डोळ्यांदेखत कापड काळवंडतं. पाणी जितकं पातळ, तितका करडा. मात्र लोखंड वर्षानुवर्षं सूत कुजवत राहतं. उसनं आणलेलं वस्त्र यात कधीच बुडवू नका.

ब्लीच वापरायचं असेल तर उघड्यावर, हातमोजे घालून. त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका. विषारी क्लोरिन वायू निघतो.

शेवटी धूळ, आणि इथं मला आग्रह धरायचाय. शेतकरी शिरोळचा असेल तर माती काळी, चंदगडचा असेल तर तांबडी. पायाकडून वर विरळ होत जाईल अशी चोळा. गणपती बघायला आलेला गावाकडचा माणूस हे पहिल्यांदा बघतो.

आणि एक विनंती. घरात आजोबांचं खरोखर वापरून विरलेलं धोतर असेल, तर देखाव्यासाठी ते फाडू नका. समोर दोरीवर टाका, कुठं कसं झिजलंय ते बघा, आणि नव्या मांजरपाटावर तसं उतरवा.