मेंदूची साक्ष

चोराच्या मनात चांदणे, ही म्हण आपल्या घरोघरी बोलली जाते. ते चांदणे यंत्राने टिपता आले तर तपासाचे काम किती सोपे होईल, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. आपल्या देशात तसा प्रयत्न झाला, आणि त्यावरील महत्त्वाचा निवाडा ज्या खटल्यात झाला तो आपण राहतो त्या कर्नाटक राज्याविरुद्धचा होता; म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटले.

या परीक्षेस ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणतात. संशयिताच्या डोक्यास विद्युत्संवेदक लावतात. त्याने तोंडाने काहीच बोलावयाचे नसते. गुन्ह्यासंबंधीची वाक्ये त्याला ऐकवितात वा चित्रे दाखवितात, आणि त्या क्षणी मेंदूत उठणाऱ्या सूक्ष्म लहरींची नोंद घेतात. अर्थपूर्ण, ओळखीचे असे काही समोर आले की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक विशिष्ट लहर उमटते, हा एका पद्धतीचा पाया. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत काम केलेले डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी याहून पुढचा दावा केला : नुसती ऐकीव माहिती आणि स्वतः केलेल्या कृतीची आठवण, हा भेदही यंत्रास कळतो. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात इतर पुराव्यांबरोबर अशा चाचणीचाही आधार घेऊन एका तरुणीस जन्मठेप ठोठावली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला.

ओळख म्हणजे अपराध नव्हे. खिडकीची काच कोणी फोडली, असे वर्गात विचारावे, तर पुष्कळदा सर्वांत भित्र्या मुलाचाच चेहरा आधी उतरतो. ज्याने खून पाहिला, ज्याने त्याची बातमी वारंवार वाचली, ज्याला पोलिसांनी तेच प्रश्न दहादा विचारले, त्या सर्वांच्या मेंदूत खुणा असणारच.

आणि यंत्र उद्या अचूक झाले, तरी खरा प्रश्न उरतोच. राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार कोणत्याही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरविले की बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे ही ‘साक्ष’ नव्हे. मग मेंदूची लहर कोणत्या बाजूची? ठशासारखी शारीरिक खूण, की न बोललेली कबुली? २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांस हरकत घेतली नव्हती. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या पीठाने मात्र निराळा निर्णय दिला. ठशाची केवळ तुलना होते. येथे मनातील ज्ञानच बाहेर काढले जाते, तेव्हा जीभ हलली नाही तरी ती साक्षच, आणि सक्तीने घेतलेली असेल तर घटनाबाह्य. खोटे पकडणारे यंत्र व गुंगीचे औषध टोचून केलेली नार्को चाचणी यांनाही हाच न्याय लागू झाला. आमच्या मते हा विचार अत्यंत मोलाचा आहे. मौन पाळण्याचा हक्क केवळ ओठांपुरता असेल, तर तो हक्क कसला?

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. आरोपीने स्वेच्छेने, वकिलाचा सल्ला मिळाल्यावर, दंडाधिकाऱ्यापुढे संमती नोंदविली तर चाचणी होऊ शकते. तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. परंतु तीतून पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली तर ती पुराव्यात येऊ शकते. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात, सर्व आरोपींची नार्को चाचणी करण्याचे पोलिसांचे म्हणणे पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या अर्जावर मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. म्हणजे पंधरा वर्षांनंतरही हे पुन्हा सांगावे लागले. कोठडीत बसलेल्या, वकिलाची फी देण्याची ऐपत नसलेल्या माणसापुढे संमतीचा कागद ठेवला आणि ‘निर्दोष आहेस तर भितोस कशाला?’ असे विचारले, तर त्याने नाही कसे म्हणावे, याचे उत्तर कोणत्याही निवाड्यात आम्हांस सापडलेले नाही.