हिरड्यांचा आजार लाळेतून कळतो

दात हलू लागला की आपण म्हणतो, "वय झालं." पण बऱ्याचदा दात वयामुळे नव्हे, तर हिरड्यांच्या आजारामुळे हलतो. हा आजार सहसा दुखत नाही, म्हणून उशिरा लक्षात येतो.

दातांवरच्या चिकट थरात जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिरडीत येतात आणि 'एमएमपी-8' नावाचे एन्झाइम सोडतात. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे कोलॅजनचे असतात आणि हे एन्झाइम कोलॅजनच तोडते. लढाई लांबली की आपलेच धागे तुटतात, पुढे हाडही झिजते.

दातांचे डॉक्टर हिरडी व दातामधल्या फटीत खुणा असलेली बारीक सळई घालून खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त भरली आणि रक्त आले, तर आजाराची शंका येते. मात्र ही खोली आधी झालेले नुकसान सांगते. झीज आत्ता चालू आहे का, हे एन्झाइमवरून कळू शकते. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाचे टिमो सोर्सा आणि सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे काम केले. त्यातून चूळ तपासायची पट्टी निघाली. पाण्याची चूळ भरायची, ते पाणी पट्टीला लावायचे, पाचेक मिनिटांत उत्तर. मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त एन्झाइम असेल तर धोक्याची खूण. तरीही नुसत्या पट्टीवर निदान होत नाही. सळई आणि एक्स-रे लागतातच.

म्हणून या चाचणीची वाट पाहत बसू नये. ब्रश करताना रक्त येणे, तोंडाला वास, हिरडी खाली सरकणे, यातले काहीही दिसले तर तपासून घ्यावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. आपल्या आया-बहिणी जी मिश्री लावतात, तीही तंबाखूच आहे; तिने दात राखले जात नाहीत, हिरड्या बिघडतात. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे.

"दात साफ केले की हलतात" ही भीती सोडून देऊ. कीटण निघाल्यावर आधीचे सैलपण जाणवते, इतकेच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात तपासणी होते. घरातल्या मोठ्यांना एकदा घेऊन जाऊ या.