परतफेड कुठून होणार?

धडगावकडच्या एका आश्रमशाळेतले गुरुजी माझे जुने खातेदार. नंदुरबारला कामाला आले की घरी डोकावल्याशिवाय परत जात नाहीत. या खेपेला आले ते खिशात वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण घेऊन. घडी इतक्या वेळा उघडलेली, की कागद मधोमध विरला होता. बातमी ऑक्टोबर २०२४ मधली. दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि उदिता दुहान या खेळाडूला बंगालच्या महिला संघाने ३२ लाख रुपयांना घेतले, अशी.

"साहेब, हा आकडा खरा असतो का?"

गुरुजींची पुतणी तेरा वर्षांची. डोंगरात वाढलेली, धावायला लागली की मागच्या पोरी दिसेनाशा होतात. शाळांच्या स्पर्धेत कुणा प्रशिक्षकाच्या नजरेत भरली आणि त्यांनी सुचवले, की हिला हॉकीसाठी क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा. मुलीचा बाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. पोरगी मोठी झाली की कोयत्याला एक हात वाढतो, हा त्याचा हिशेब. त्या हिशेबापुढे दुसरा हिशेब मांडायची वेळ गुरुजींवर आली होती आणि त्यासाठी त्यांना मी आठवलो. "तुम्ही बँकेतले. पैशाचं तुम्हाला कळतं."

बँकेतल्या माणसाला पैशाचे कळते, हा एक गोड गैरसमज आहे. त्याला दुसऱ्याच्या पैशाचे कळते, एवढेच. पण मी उत्तर द्यायच्या आधी माझा दहा वर्षांचा नातू मध्ये बोलला, "पण आजोबा, त्या लीगमध्ये महाराष्ट्राची टीमच नाहीये!"

खरे होते. डिसेंबर २०२४ मध्ये ही लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ होते : बंगाल, दिल्ली, हैदराबाद, ओडिशा, पंजाब, तामिळनाडू, उत्तर प्रदेश आणि विशाखापट्टणमच्या नावाचा गोनासिका. महिलांचे चार. मुंबई नाही, पुणे नाही, नागपूर नाही. ज्या राज्याने धनराज पिल्ले दिला, त्या राज्याच्या नावाची जर्सी घालून मैदानात उतरणारा एकही संघ नाही. "मग आपली गेली कुठे?" नातवाने विचारले.

गुरुजींचा प्रश्न आणि नातवाचा प्रश्न एकच आहे, हे मला त्या दोघांशी बोलताना हळूहळू उमगले.

आपले संघ होते. एक नाही, पाच होते. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग निघाली, तिच्यात 'मराठा वॉरियर्स' होता आणि त्याचा कप्तान होता खडकीचा धनराज. नाव मराठा, पण पहिल्या वर्षी सगळे सामने झाले हैदराबादेत! २००८ नंतर ती लीग गुंडाळली गेली. मग २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली, तिच्यात 'मुंबई मरीन्स' आणि 'पुणे स्ट्रायकर्स'. पुण्याचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. चर्चगेटजवळच्या महिंद्र हॉकी स्टेडियमवर तो शेर-ए-पंजाबकडून हरला. त्या स्पर्धेचे दुसरे वर्ष उजाडलेच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा 'मुंबई मॅजिशियन्स'. ते गेले, मग 'दबंग मुंबई'. हा संघ २०१७ मध्ये अंतिम सामना खेळला, कलिंग लान्सर्सकडून हरला आणि त्यानंतर लीगच बंद पडली. बारा वर्षांत पाच नावे. कर्ज थकले की त्याच पत्त्यावर नव्या नावाची फर्म काढून पुन्हा दारात उभे राहणारे कर्जदार मी पाहिले आहेत. इथे तशी लबाडी नव्हती. माणसेही वेगळी होती, पैसेही वेगळे होते. सारखी होती ती एकच गोष्ट : अर्जात परतफेडीचा रकाना कोरा.

यातली 'मुंबई मॅजिशियन्स'ची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर साडेसहा लाख डॉलरपर्यंत खर्चाची मुभा होती. मुंबईने ड्रॅगफ्लिकर संदीप सिंगसाठी ६४ हजार ४०० डॉलर मोजले. प्रशिक्षक होते ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, या खेळातले फार मोठे नाव. संघात चार पाकिस्तानी खेळाडू घेतले होते. आणि स्पर्धा सुरू होते न होते तोच, जानेवारी २०१३ मध्ये, ताबारेषेवर आपले जवान मारले गेले. देश खवळला, मुंबईत मैदानावर निदर्शने झाली, लीगमधल्या सगळ्याच पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवण्यात आले आणि मुंबईचे घरचे सामने मुंबईबाहेर हलवावे लागले. पाच संघांपैकी चार उपांत्य फेरीत गेले. राहिला तो मुंबई.

लोकांचा संताप समजण्यासारखा होता, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी फक्त खातेपुस्तक पाहतो आहे. पहिल्याच हंगामात ज्याचे दुकान परगावी गेले, त्या दुकानदाराला गिऱ्हाईक कसे लागणार? संघाची कमाई म्हणजे काय, तर प्रक्षेपणाच्या आणि प्रायोजकांच्या मध्यवर्ती रकमेतला वाटा, छातीवरची जाहिरात, तिकिटे आणि बक्षीस. यातली तिकिटे ही एकच गोष्ट गावाशी नाते जोडते. बापाचा हात धरून मैदानावर गेलेले पोर पुढची चाळीस वर्षे त्या संघाचे होते. ते नाते मुंबईत जमलेच नाही.

आणि हे एकट्या मुंबईचे दुखणे नाही. नव्या लीगच्या पहिल्या हंगामात पुरुषांचे सामने राउरकेला आणि रांची या दोन मैदानांवर झाले. चेन्नईच्या माणसाने तामिळनाडूचा संघ पाहिला तो टीव्हीवर. आता आकडे पाहा. खेळाडूंसाठी प्रत्येक पुरुष संघाला चार कोटी रुपयांची मर्यादा. सर्वांत महाग हरमनप्रीत सिंग, ७८ लाख, सूरमा क्लबकडे. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक हा खर्च निराळा. आणि सगळे संघ हरवून पहिले आल्यावर बक्षीस किती? तीन कोटी. म्हणजे स्पर्धा जिंकूनही खेळाडूंचा खर्च निघत नाही! बंगालने २०२५ मध्ये ती जिंकली, अभिनंदन. पण असा प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर आला असता, तर चहा पाजून मी अर्जदाराला निरोप दिला असता. उत्तर प्रदेशचा संघ, यूपी रुद्राज, एका हंगामानंतर २०२५ मध्येच बाहेर पडला. कारण आर्थिकच दिले.

माझा भाचा टोरांटोला असतो. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची, आपल्या हॉकीशी नावापुरते नाते. पण तिथला एक नियम त्याने मला सांगितला, तो मनात राहिला. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात पगारावरून इतके ताणले गेले, की नॅशनल हॉकी लीगचा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यातून पगाराला मर्यादा आली, आणि ती मर्यादा लीगच्या कमाईला बांधलेली. आजमितीला खेळातून आलेल्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा. कमाई वाढली की पगार वाढतो. २००५ मध्ये संघाची मर्यादा ३.९ कोटी डॉलर होती, २०२४-२५ मध्ये ८.८ कोटी. आपल्याकडे मर्यादा ठरते ती मालकाचा खिसा किती ताणेल यावर. खिशाला कंटाळा येतो.

आपल्या मातीतली कबड्डी मात्र उभी राहिली, हे कबूल केले पाहिजे. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला, तेव्हा आम्ही तोंडात बोट घातले होते. २०२३ मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांवर गेला. कारण २०१५ मध्ये ज्या वाहिनीवर खेळ दिसतो, तिनेच लीगचा मोठा हिस्सा विकत घेतला. शिवाय कबड्डीला एक मॅट आणि छप्पर पुरते. हॉकीला १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान लागते, ते कोटींच्या घरात जाते आणि त्यावर सामन्याआधी पाणी मारावे लागते. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंड्यासाठी झिऱ्यावर बसतात. असो.

मग इतकी वर्षे हॉकीपटू जगला कसा? नोकरीवर. रेल्वे, पोलीस, विमान कंपन्या, तेल कंपन्या, बँका. धनराज महिंद्रमध्ये होता, पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये. महिन्याच्या महिन्याला पगार, वर बढती, शेवटी भविष्यनिर्वाह निधी. त्यात चमक नव्हती. पण देशासाठी खेळायला लागले, की हातात काय पडे? जानेवारी २०१० मध्ये पुण्यात बालेवाडीला विश्वचषकाचे शिबिर चालू असताना खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला होता. २०११ मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकून आलेल्या संघाला माणशी २५ हजार रुपये जाहीर झाले, ते खेळाडूंनी नाकारले. त्याच संघातला युवराज वाल्मीकी मुंबईत मरीन लाइन्सला राहत होता आणि त्याच्या घरात वीज नव्हती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदच्या आसपास मी नंदुरबार तालुक्यात शाखाधिकारी होतो. तेव्हा जिल्हा धुळेच. एका गावातल्या तालमीची पोरे गादीसाठी बारा हजारांचे कर्ज मागायला आली. सोबत एक म्हातारे पैलवान, कान मोडलेले. मी नियमाप्रमाणे विचारले, परतफेड कुठून होणार? ते म्हणाले, "आमनं गाव शे ना, साहेब." मी हसलो आणि 'परतफेडीचा स्रोत स्पष्ट नाही' असा शेरा मारून अर्ज परत केला. पुढच्या वर्षी त्याच गावच्या जत्रेत कुस्त्यांना पाहुणा म्हणून मला बोलावले. (खानदेशात राग असा काढतात.) गादी आली होती. शेवटच्या कुस्तीचे इनाम, पाहुण्या मल्लांचे भाडे, जेवण, सगळे वर्गणीतून. ध्वनिक्षेपकावर एकेकाचे नाव आणि रक्कम पुकारली जात होती, पाच रुपयेवाल्याचेही. संध्याकाळी वहीत जमा आणि खर्च जुळले आणि अकरा रुपये देवाच्या पेटीत टाकले. माझ्या नोकरीत इतका स्वच्छ ताळेबंद मी क्वचित पाहिला.

ते आठवले ते सुंदरगडमुळे. राउरकेला ज्या जिल्ह्यात आहे तो हा ओडिशातला जिल्हा, आपल्या नंदुरबारसारखाच आदिवासी. तिथे गावोगाव हॉकीच्या स्पर्धा होतात आणि बक्षीस असते बोकड. जिंकायचे, कापायचे, सगळ्या पाड्याने जेवायचे. त्या मैदानांतून दिलीप तिर्की वर आला, भारताचा कप्तान झाला आणि पुढे हॉकी इंडियाचा अध्यक्षही. ओडिशा सरकारने २०१८ पासून भारतीय संघांचे प्रायोजकपद घेतले, ते आता २०३६ पर्यंत वाढवले आहे; २०२३ च्या विश्वचषकासाठी राउरकेल्यात सुमारे वीस हजार आसनांचे स्टेडियम बांधले. सरकारी तिजोरीतून खेळावर इतका खर्च करावा का, यावर वाद होऊ शकतो. मी स्वतः आधी पाण्याची योजना मागेन. पण तिथे परतफेडीचा रकाना कोरा नाही. बोकडाची वर्गणी काढणारे गाव खाली होते, म्हणून वरचे स्टेडियम ओसाड वाटत नाही. आपण मुंबईत नेमके उलटे केले, आधी जर्सी शिवली.

गुरुजींना मी कागद घेऊन हे सगळे मांडून दाखवले. ३२ लाख हा आकडा खरा आहे, पण तो सगळ्यात वरचा. लिलावात सर्वांत खालची बोली दोन लाखांपासून सुरू होते, आणि पुष्कळ नावे पुकारली जाऊनही कुणी घेत नाही. लीग पुढच्या वर्षी असेल की नाही, हे मालकांनाही ठाऊक नसते. तेव्हा तो आकडा बापाला सांगू नका. त्याला सांगा, की निवड झाली तर राहणे, जेवण, शाळा सरकारकडे; दहावी-बारावी होईल; आणि राज्यपातळीवर चमकली, तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, पोलीस आहे. ऊसतोडीच्या टोळीत यातले काही नाही.

गुरुजींनी कागदाची घडी घालून कात्रणाशेजारी ठेवली. मग जरा अडखळत म्हणाले, "साहेब, चाचणीला न्यायचं तर जाण्यायेण्याचा खर्च, बूट... भावाकडे आत्ता नाहीत. बँकेत असं काही कर्ज..."

मी सवयीने तोंड उघडले आणि मिटले. नातू आतून त्याचा डबा घेऊन आला होता, दिवाळीची ओवाळणी साठवलेला. मोजले तर तीनशे चाळीस निघाले. गुरुजी नको नको म्हणत राहिले. मी जुन्या डायरीचे कोरे पान काढले, वर मुलीचे नाव लिहिले, खाली नातवाची रक्कम आणि तिच्याखाली माझी. मग दोघे मिळून शेजारच्यांची बेल वाजवायला गेलो.