टँक: छिन्नीचा की पाळीचा?

गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा अथांग जलाशय असो की धानाच्या बांध्यांना पाणी पुरवणारा एखादा मालगुजारी तलाव, इंग्रजी नोंदींत दोघांनाही एकच शब्द आहे, टँक. हा शब्द 17व्या शतकाच्या सुरुवातीला भारतातूनच इंग्रजीत गेला. गुजराती ‘टांकुं’ किंवा मराठी ‘टाके’ हे त्याचे मूळ असावे, असे काही इंग्रजी कोशच सांगतात. टाके म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा साठा. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर ती जागोजाग दिसतात. दगड फोडणारी छिन्नी ती टाकी आणि तिने कोरलेले ते टाके, हे नाते मराठी कानाला पटकन पटते. पण मग गोंदियाचे तलाव या नावात बसतात कसे? ते कोणी कोरलेले नाहीत. उताराचे पाणी मातीच्या पाळीने अडवून कोहळी समाजाने ते उभे केले. इथल्या माणसाने त्यांना तलाव म्हटले, बोडी म्हटले, बांध म्हटले. टाके कधीच म्हटले नाही.

इथे पोर्तुगीज ‘तांक’ कामी येतो. त्याचा अर्थ तळे, आणि तो ‘अडवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. नवेगावबांधच्या पाळीचे काम नेमके तेच. म्हणून मला वाटते, टँक हा दोन प्रवाहांचा संगम आहे: ध्वनी दोन्हीकडचा, कोरीव साठ्याचा अर्थ आपला, अडवलेल्या पाण्याचा अर्थ पोर्तुगिजांचा. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886च्या कोशानेही त्याला दुहेरी उगमाचा शब्द मानले आहे. कोणी म्हणेल, मग टाके हेच पोर्तुगिजांचे देणे नसेल कशावरून? पण त्यांच्या किनाऱ्यापासून दूर, राजस्थानच्या वाळवंटातही पावसाचे पाणी साठवायला ‘टांका’च आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परका माणूस हाती लागेल तो शब्द कुठल्याही पाण्याला लावतो, तेव्हा अर्थ नुसताच पसरला असेल. तसे घडलेही असेल. पण पसरायला ज्या दिशेने वाट मिळाली, ती ‘तांक’ने आधीच मोकळी केली होती.

पुढे 1915च्या अखेरीस ब्रिटिशांनी आपल्या नव्या चिलखती गाडीचे गुपित राखायला पाण्याच्या पिंपाचे हेच नाव घेतले आणि 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणांगणावर ती उतरली. आपण तिला रणगाडा म्हटले. गोंदियाच्या तलावांचे नाव मात्र दुसऱ्याच वाटेने बदलले. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी’चा ‘मामा’ झाला. आज सरकारी कागदातही ते ‘मामा तलाव’ आहेत.